मिडी कीबोर्ड लॅपटॉपला जोडताना या चुका टाळा

पोळा जवळ आला की माझा फोन सुरू होतो. कुणाला झडत्यांखाली, म्हणजे पोळ्यात म्हणायच्या ओळींखाली, बीट बसवायची असते, कुणाला मंडळाला गणपतीचं गाणं द्यायचं असतं. एप्रिल लागला की भीमगीतांची घाई. माणूस दरवेळी वेगळा, वाक्य तेच: "दादा, कीबोर्ड जोडला, लाईट लागते, पण आवाजच येऊन नाई राह्यला." मी विचारतो, आतापर्यंत काय काय करून पाहिलं? मग यादी येते. ड्रायव्हर पुन्हा टाकला, सॉफ्टवेअर काढून परत टाकलं, यूट्यूबवर पाहून कुठलंसं सेटिंग बदललं, कोणतं ते आता आठवत नाही. मूळ बिघाड एकच होता, त्यावर पोट्ट्यानं स्वतःचे चार चढवलेले असतात.

म्हणून माझा पहिला हट्ट: एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदललेली लिहून ठेवा. माझ्या टेबलावर त्यासाठी एक जुनी वही आहे. हसतात लोक, हसू द्या.

कीबोर्डमध्ये आवाज शोधणं

मिडी कंट्रोलरच्या, म्हणजे नुसत्या मिडी कीबोर्डच्या, पोटात आवाज नसतो. कॅसिओवर हात बसलेल्या माणसाला हे लवकर पटत नाही. तुम्ही कळ दाबली की तारेतून फक्त निरोप जातो: अमुक चॅनल, ६० नंबरचा सूर, इतक्या जोरानं दाबला. जोर १ ते १२७ मध्ये मोजतात. १९८३ साली मिडी, म्हणजे ही निरोपांची भाषा, आली तेव्हापासून साध्या कीबोर्डांत हा हिशोब असाच आहे. निरोप वाचून आवाज काढायचं काम लॅपटॉपमधल्या वाद्याचं, म्हणजे प्लगइनचं. ट्रॅकवर वाद्यच टाकलं नसेल तर कळा कितीही बडवा, काही होणार नाही.

तपासताना मी नेहमी त्याच क्रमानं जातो. आधी केबल. मग विंडोजला कीबोर्ड दिसतो का. मग सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये तो चालू केलाय का. मग ट्रॅकवर वाद्य आहे का आणि ट्रॅकचं लाल (रेकॉर्डचं) बटण दाबलंय का. शेवटी आवाज कोणत्या स्पीकरला जातोय. कळ दाबल्यावर मिडीचा छोटा दिवा किंवा मीटर हलत असेल, तर कीबोर्ड, केबल, ड्रायव्हर तिघेही निर्दोष आहेत. त्यांना हात लावू नका, घोळ पुढे आहे.

चार्जिंगची केबल

बाजारातून आणलेल्या पुष्कळ स्वस्त केबलींत फक्त वीज नेणाऱ्या तारा असतात, डेटाच्या नसतात. दिवा लागतो, पण लॅपटॉपला काही दिसत नाही. एकानं एवढ्यासाठी अख्खा लॅपटॉप फॉरमॅट केला, त्यात बहिणीच्या लग्नाचे फोटो गेले. तीच केबल फोनला लावून लॅपटॉपवर फोनमधले फोटो उघडतात का पाहा. फोनवर 'फाइल ट्रान्सफर' निवडूनही उघडले नाहीत तर केबल चार्जरलाच शोभते.

"दिसतो, पण चालत नाही"

रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरांपैकी एफएल स्टुडिओत मिडी सेटिंगमध्ये कीबोर्डच्या नावावर क्लिक करून 'एनेबल' दाबावं लागतं. रीपरमध्ये मिडी डिव्हाइसच्या यादीत उजवं क्लिक करून इनपुट चालू करायचं, मग ट्रॅकचं इनपुट मिडीवर ठेवून लाल बटण आणि मॉनिटरिंग (वाजवताना ऐकू येणं) दोन्ही लावायचं. एबलटन लाइव्हमध्ये त्या कीबोर्डसमोरचं 'ट्रॅक' चालू पाहिजे. दुसरं कारण: विंडोजवर बऱ्याच ड्रायव्हरांत मिडीचं एक दार एका वेळी एकालाच मिळतं. मागे दुसरं सॉफ्टवेअर उघडं राहिलं असेल तर दार त्याच्याकडेच असतं. सगळं बंद करा, कीबोर्ड आधी जोडा, मग सॉफ्टवेअर उघडा.

मागून बोलणारा कीबोर्ड

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि हिच्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे.

गडचिरोलीतल्या वडशाकडच्या नाटकांत वर्षानुवर्षं ऑर्गन वाजवलेले एक काकाजी आहेत. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांचा सीझन नसताना एका पोट्ट्यानं त्यांना भजनाच्या रेकॉर्डिंगला बोलावलं. लॅपटॉप होता, नवा मिडी कीबोर्ड होता, आणि 'बास भारी' म्हणून आवाज सोडला होता ब्लूटूथ स्पीकरला. काकाजींनी दोन ओळी वाजवल्या आणि हात उचलला. "मी आत्ता दाबतो अन् हे मांगून बोलते." पोट्टा म्हणाला, "काकाजी, तुम्हाला नव्या मशीनची सवय नाही, होईल हळूहळू." काकाजी भला माणूस. त्यांनी जमवून घेतलं, म्हणजे आवाज ठेक्यावर पडावा म्हणून बोटं ठेक्याच्या आधी टाकू लागले. जन्मभर साथ केलेल्या हाताला हेसुद्धा जमतं.

आता गंमत बघा. सॉफ्टवेअर लिहून घेतं ते बोट कधी पडलं, आवाज कधी आला ते नाही. तो प्रोजेक्ट माझ्याकडे आला तेव्हा पियानो रोलमध्ये, म्हणजे सूर जाळीवर दाखवणाऱ्या खिडकीत, जवळजवळ प्रत्येक सूर रेषेच्या आधी उभा होता. पोट्ट्याला वाटलं काकाजी बेताल वाजवतात, आणि त्यानं सगळ्याला १/१६ वर क्वांटाइझ मारलं, म्हणजे प्रत्येक सूर जाळीच्या जवळच्या रेषेवर ओढायला लावला. ९० च्या लयीत १/१६ चं एक घर साधारण १६७ मिलिसेकंदांचं. सूर त्याहूनही आधी पडलेले, त्यामुळे मशीननं काही एक घर अलीकडे ओढले, काही दोन. भजनाचा पार चुराडा. नशिबानं मूळ टेक त्यानं जपून ठेवला होता. मी तो उघडला, सगळे सूर एका हिसक्यात सारखेच पुढे सरकवले आणि वाजवून पाहिलं. लय जागेवर होती.

कारण साधं आहे. ब्लूटूथवर आवाज सहज २०० मिलिसेकंद उशिरा येतो. हवेत आवाज तेवढ्या वेळात साधारण ६८ मीटर जातो, म्हणजे तुम्ही ओसरीत पेटी वाजवताय आणि ती बोलते आहे शेताच्या धुऱ्यापलीकडून. रेकॉर्डिंग करताना ब्लूटूथ नकोच, स्पीकरही नको आणि कानातलेही नकोत. तारेचा हेडफोन लावा, साधा असला तरी चालेल.

उशिराचा दुसरा वाटेकरी बफर, म्हणजे आवाज सोडण्याआधी लॅपटॉप जमवतो तो साठा. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या सॅम्पल रेटला १०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे २३ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे साडेअकरा, १२८ म्हणजे तीनच्या आसपास, आणि ड्रायव्हर आपलं वेगळं जोडतोच. वाजवताना मी १२८ वर बसतो, लॅपटॉप कुरकुरला तर २५६. मिक्सिंगला बसलो की पुन्हा १०२४, तेव्हा उशीर झाला तरी कुणाचं काही अडत नाही. ऑडिओ इंटरफेस (आवाज आत-बाहेर नेणारा जोडडबा) असेल तर त्याच्याच कंपनीचा असिओ ड्रायव्हर निवडा, तो उशीर कमी ठेवतो. नसेल तर असिओ-फोर-ऑल फुकट मिळतो, तो बऱ्यापैकी निभावतो.

क्वांटाइझबद्दल एकच सांगतो. दादऱ्यातलं गाणं, सहा मात्रांचं, ४/४ च्या जाळीत घालून क्वांटाइझ मारणाऱ्यांची माझ्याकडे रांग आहे. आधी ताल बसवा, ३/४ नाहीतर ६/८. आणि खंजिरीच्या भजनात लय चढतेच, ती चढावी म्हणूनच लोक बसलेले असतात. तिथे क्लिक (ठोक्याचा टकटक आवाज) आणि जाळी दोन्ही बंद ठेवा. हे शॉर्टकट गायला-वाजवायला न बसणाऱ्यांचे आहेत.

ऑक्टोपॅडवाल्यांसाठी

ऑक्टोपॅडला (काठीनं वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक तालवाद्याला) पाच टाचण्यांचं गोल सॉकेट असतं आणि त्यासाठी यूएसबी-मिडी केबल मिळते. बहुतेक केबलींवर 'इन' लिहिलेली पिन वाद्याच्या 'आउट' मध्ये जाते. लोक इनला इन जोडतात आणि वाद्य खराब म्हणून दुकानात परत नेतात. जोडणी बरोबर असूनही गप्प असेल तर चॅनल बघा, ढोल-ताशासारख्या तालवाद्यांसाठी १० नंबरचा चॅनल ठरलेला आहे. पॅड मारल्यावर भलताच आवाज आला तर सुराचा नंबर जुळवा: ३६ किक, ३८ स्नेअर, ४२ बंद हाय-हॅट.

बाकीच्या, थोडक्यात

सस्टेनचं पेडल उलटं चालत असेल, म्हणजे पाय उचलल्यावर सूर लांबत असेल, तर बहुतेक कीबोर्ड चालू होताना पाय पेडलवर होता. कीबोर्डची यूएसबी केबल काढा, पाय बाजूला घ्या, परत लावा.

अर्ध्या कळा मुक्या? ऑक्टेव्हचं बटण दाबलं गेलंय.

घरचा कॅसिओ मिडीसाठी जोडला आणि प्रत्येक सूर दुहेरी येतोय? कीबोर्डमध्ये 'लोकल' (कळांना मिळणारा त्याचा स्वतःचा आवाज) बंद करा.

स्वस्त यूएसबी हबला माऊस लावा. कीबोर्ड थेट लॅपटॉपला.

लाईन गेली की होणारा खरखराट

हे शहरातले मास्तर सांगत नाहीत. लाईन जाते, लॅपटॉप बॅटरीवर येतो, विंडोज आपोआप वीज वाचवायला लागतं आणि प्रोसेसर मंदावतो. आत्तापर्यंत गुळगुळीत वाजणारं गाणं तडतडायला लागतं. पॉवरच्या सेटिंगमध्ये बॅटरीवरसुद्धा पूर्ण ताकद निवडा, आणि 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा, नाहीतर थोडा वेळ हात थांबला की कीबोर्डच गायब होऊ शकतो. मे महिन्यात टिनाच्या खोलीत दुपारी रेकॉर्डिंग लावणाऱ्यांना काय सांगावं! पारा ४५ च्या वर असताना लॅपटॉप तापून स्वतःच वेग उतरवतो, मग बफर कितीही वाढवा. पहाटे बसा. तेव्हा बाहेर डीजे पण नसतो.

काम झालं की कीबोर्डवर दुपट्टा टाका. धूळ कळांखालच्या रबरावर बसली की एखादी कळ हलक्या हातालाही १२७ च्या जोरानं ओरडते, नाहीतर एकदा दाबून दोनदा वाजते. मग लोक व्हेलॉसिटी कर्व्हशी, म्हणजे दाबाच्या जोराच्या सेटिंगशी, खेळत बसतात. खेळू नका, मिस्त्रीकडून उघडून साफ करून घ्या.

क्रॅकचं सॉफ्टवेअर

"दादा, मित्रानं पेन ड्राइव्हमधून दिलं." ह्याच्यावर मी फोनवर मदत करत नाही, स्पष्ट सांगतो. कोणती आवृत्ती, आत काय कापलंय, कुठला व्हायरस सोबत आलाय, काहीच कळत नाही, मग तपासायचं कशाच्या आधारावर? रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं. एलएमएमएस कायमच फुकट. एफएल स्टुडिओची चाचणी आवृत्ती शिकायला चांगली, फक्त त्यात सेव्ह केलेलं प्रोजेक्ट परत उघडता येत नाही, म्हणून उठायच्या आधी गाणं वेव्ह फाइलमध्ये काढून घ्या. आणि नव्या कीबोर्डच्या खोक्यात बरेचदा एबलटन लाइव्ह लाइटसारख्या सॉफ्टवेअरचा कोड असलेला कागद निघतो. तो खोक्यासकट रद्दीत घालू नका.