घेठ, ढुझ आणि बाबांची डायरी

मानसशास्त्राला नव्याने आलेली मुलं मला हमखास विचारतात, "स्मृतीचं प्रकरण अवघड आहे का?" अवघड नाही. पण ते नुसतं वाचून येत नाही, आणि हे मला पहिल्या इंटर्नलला कळलं. प्रकरण मी पाच वेळा वाचलं होतं. पानं हायलायटरनं पिवळीधमक झाली होती. पेपरात मात्र विस्मरणाची कारणं लिहायला घेतली आणि दुसऱ्या कारणापाशी पेन थांबलं. घरी येऊन वही उघडली, तर सगळं ओळखीचं!

ओळखणं आणि आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेडीज डब्यात रोज समोर बसणारी बाई तुम्ही लगेच ओळखता. डोळे मिटून तिचा चेहरा सांगा बघू. पुन्हा पुन्हा वाचल्यानं मजकूर असाच ओळखीचा होतो आणि आपल्याला वाटतं, आलं की! रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर हेच तपासलं. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले.

मी कळव्याहून कुर्ल्याला स्लो लोकलनं जायचे. ठरवूनच टाकलं, ठाणं गेलं की वही मिटायची. मुलुंड ते घाटकोपर मनातल्या मनात प्रकरण मांडायचं आणि अडलं तरी वही उघडायची नाही. कुर्ल्याला रिक्षाच्या रांगेत उभी राहिले की मग तपासायचं. तोच भाग दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्यानं पुन्हा. सुरुवातीला फार त्रास होतो, काहीच येत नाही असं वाटतं. त्या आठवड्यात सोडू नका. एक सावधगिरी मात्र हवी. गोष्ट जिथे शिकलो तिथल्या खुणांनाही ती चिकटते. गॉडन आणि बॅडली यांनी 1975 मध्ये पाण्यात बुडी मारणाऱ्या डायव्हर्सना पाण्याखाली आणि काठावर शब्द पाठ करायला दिले. पाण्याखाली शिकलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवले. म्हणून मी रविवारी तेच प्रकरण शांत खोलीत, टेबलावर, कोऱ्या कागदावर लिहून बघायचे.

आता प्रॅक्टिकल. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं विस्मरणावरचं काम वाचाल तेव्हा ते नुसता आलेख म्हणून पाठ करू नका. या माणसानं प्रयोग केला तो स्वतःवरच. सुमारे 2,300 निरर्थक अक्षरजुळण्या केल्या, त्यांच्या याद्या पाठ केल्या आणि विसरल्यावर पुन्हा पाठ करायला किती वेळ वाचतो ते मोजलं. 1885 मध्ये त्यानं ते छापलं. तासाभरानं निम्म्याहून कमी बचत, दिवसानं साधारण एक तृतीयांश, महिन्यानं एक पंचमांश. म्हणजे घसरण सुरुवातीलाच मोठी, पुढे मंद.

आम्हाला तशी यादी मराठीत करायची होती. तासाभराचं काम वाटलं, पण तीन दिवस गेले. कप, टब, झोप, मूठ, भात, दोन व्यंजनं जवळ आणली की शब्दच तयार! शेवटी घेठ, ढुझ, णिफ असली अक्षरं जमवली. मैत्रिणीला यादी दिली, तर 'घेठ' तिला पहिल्याच फेरीत पाठ. विचारलं तर म्हणाली, "घे, ठेव. सोपंय की." मी यादीतून तो शब्द काढायला निघाले होते. आमच्या मॅडमनी थांबवलं. म्हणाल्या, "काढू नकोस, जर्नलमध्ये लिही. ती काय करतेय ते बघ." त्या दिवशी मला पुस्तकातलं संकेतन, म्हणजे माहिती मनात साठवण्याजोग्या रूपात आणणं, समजलं. मन निरर्थक गोष्ट तशीच ठेवत नाही, जुन्या कशाला तरी तिची गाठ मारतं. तुमच्याही प्रयोगात असा 'बिघडलेला' निकाल आला तर तो पुसू नका. व्हायवात बोलायला त्याच्याइतकं चांगलं काही मिळत नाही.

हेन्री मोलेसन तुम्हाला प्रत्येक पुस्तकात भेटेल. अपस्मारासाठी (फिट्ससाठी) 1953 मध्ये शस्त्रक्रिया झाली, मेंदूत नव्या आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसचा दोन्ही बाजूंचा मोठा भाग काढला गेला आणि त्यानंतर नव्या घटना त्याच्या लक्षात राहीनाशा झाल्या. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून तारा गिरवायला दिला. आपण हे काल केलं होतं हे त्याला आठवत नसे, पण हात दिवसेंदिवस सफाईदार होत गेला. हे वाचताना मला आमची आजी दिसली. शेवटच्या वर्षांत सकाळी जेवली की नाही हे तिला सांगता येत नसे, पण परात पुढे ठेवली की भाकरी गोल थापली जायची. तेव्हा घरात आम्ही चिडायचो, "मुद्दाम करते." हा विषय मी दोन वर्षं आधी शिकले असते तर निदान तेवढं तरी बोलले नसते.

मुलाखतींचं काम असेल तर एक सवय आत्ताच लावा. समोरचा जे सांगेल ते त्याच दिवशी, दुसऱ्या कुणाशी बोलण्याआधी लिहून काढा. मी 26 जुलै 2005 च्या पावसाच्या आठवणी गोळा करत होते. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. सुरुवात घरातून केली. बाबांची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. लोअर परळच्या ऑफिसातून ते त्याच रात्री निघाले, कुर्ल्याला छातीभर पाण्यात कुणीतरी बांधलेला दोर धरून पुढे आले आणि पहाटे घरी पोचले.

मग माळ्यावर त्यांची त्या वर्षीची डायरी सापडली. 26 ची रात्र ऑफिसात टेबलावर झोपून काढली. 27 ला दुपारी निघालो. दोराचा उल्लेखच नाही. दोराची गोष्ट शेजारच्या काकांची, ती मी त्यांच्याही तोंडून ऐकलेली.

बाबा खोटं बोलत नव्हते. चॅलेंजर या अमेरिकी अवकाशयानाचा अपघात 1986 मध्ये झाला, तेव्हा नायसर आणि हार्श या संशोधकांनी दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं होतं की बातमी कुठे, कशी कळली. अडीच-तीन वर्षांनी विचारलं तर बऱ्याच जणांची हकिकत बदललेली, खात्री मात्र पक्की. स्वतःचं जुनं लिखाण दाखवलं तरी मूळ आठवण परत आली नाही. आपण आठवतो तेव्हा घटना नव्यानं जुळवतो. मधे जे ऐकलं, जे शंभर वेळा सांगितलं, ते त्यात मिसळतं.

डायरी बाबांना दाखवावी की नाही, यावर मी आठवडा काढला. शेवटी दाखवली. त्यांनी चष्मा लावून पान दोनदा वाचलं. "अक्षर माझंच आहे," म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी उजव्या हाताची मूठ घट्ट आवळून माझ्यापुढे धरली. "पण दोर ओला होता गं. असा धरला होता मी."