शाळेतल्या १२० ताटांसाठी मोडाच्या मटकीची उसळ

घरी चार माणसांपुरती मटकी फडक्यात बांधून मोड आणता येतात, म्हणून शाळेतही ते जमेल असं धरून चालू नका. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहाराचं काम बघते. गाव माणदेशातलं, मटकी-हुलग्याचं. तरीही पहिल्या वर्षी मी अख्खी मटकी उकिरड्यावर टाकली आहे. सरकारी पाककृतींच्या यादीत ही उसळ आहे, पण मोड कसे आणायचे ते यादी सांगत नाही. आणि ज्यांनी कधी मोठं पातेलं ढवळलेलं नाही, ते सगळ्यात जास्त सल्ले देतात.

प्रमाण सोपं आहे. पहिली ते पाचवीला दर मुलामागे तांदूळ १०० ग्रॅम, कडधान्य २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. म्हणजे १२० मुलांना मटकी २ किलो ४०० ग्रॅम, भाजी ६ किलो, तेल ६०० ग्रॅम. सहावी ते आठवीला हेच दीडपट.

आधी मटकीची परीक्षा घ्या. १०० दाणे मोजून ओल्या फडक्यात ठेवा. दुसऱ्या दिवशी ८० च्या वर दाण्यांना मोड फुटले तर माल चांगला. (पाचवीच्या पोरांना मोजायला बसवा, शेकडेवारीचा तास तिथेच उरकतो.) गोदामात पडून जुनी झालेली मटकी नुसती फुगते, मग कुजते. तशी निघाली तर तिची साधी आमटी करा आणि मोडासाठी गावातली यंदाची मटकी मिळवा. तिथीभोजनाला, म्हणजे गावकरी सणावाराला शाळेतल्या पोरांना खाऊ घालतात तेव्हा, लोक हौसेनं जिलेबी आणतात. आम्ही आता स्पष्ट सांगतो, जिलेबी नको, दोन पायली मटकी द्या. आली की साठा नोंदवहीत लिहायची.

आता मोडाचं. माझी चूक काय झाली ते आधी ऐका. मी सगळी मटकी एकाच मोठ्या धोतराच्या फडक्यात गच्च बांधली, पातेल्यात ठेवली, वर झाकण, त्यावर पोतं. थंडीचे दिवस होते, ऊब राहावी म्हणून. सकाळी गाठ सोडली तर वाफेचा भपकारा आला. मध्ये हात घातला तर मटकी तापलेली, बोटांना चिकट, आणि आंबूस वास. कडेच्या दाण्यांना सुंदर मोड, आतला गोळा सडलेला. त्या दिवशी पोरांनी पिवळा भात खाल्ला.

कारण साधं आहे. मोड येताना दाणा श्वास घेतो आणि ऊब सोडतो. घरच्या वाटीभर मटकीची ऊब निघून जाते. मटकी भिजून दुप्पट होते, म्हणजे आपल्याकडे जवळजवळ पाच किलोचा गोळा असतो. त्याच्या पोटातली ऊब जाणार कुठे? म्हणून "गच्च बांधा, उबेत ठेवा" हा घरचा सल्ला इथे उलटा पडतो. हॉटपॉटमध्ये ठेवा म्हणणाऱ्यांना तर मी उत्तरही देत नाही.

आम्ही आता असं करतो. मटकी निवडून, तीन पाण्यांनी धुऊन भिजवायची. उन्हाळ्यात सहा तास, थंडीत आठ, त्याहून जास्त नाही. फार वेळ पाण्यात राहिली की मोड नीट येत नाहीत आणि पाण्याला फेस येतो. मग ती चाळणीत उपसून अर्धा तास निथळू द्यायची. हा अर्धा तास कुणीही चुकवू नये. टपकणारी मटकी बांधली की खालचे दाणे पाण्यातच बसतात आणि बिघाड तिथून सुरू होतो. मग सुती फडक्यांच्या पाच पोटल्या, सैल, आत हात फिरेल इतक्या. त्या बांबूच्या पाटीत एकमेकींना न टेकता ठेवायच्या, खालून हवा लागली पाहिजे. स्टीलचं पातेलं नको, प्लास्टिकची पिशवी तर मुळीच नको.

आमच्या पोटल्या रात्री स्वयंपाक करणाऱ्या मावशींच्या घरी मुक्कामाला जातात. नऊच्या सुमारास त्या एकेक सोडतात, मटकी हलवून, वारा देऊन पुन्हा बांधतात. फडकं सुकलं असेल तर पाण्याचा हबका, ओतायचं नाही. बुधवारची उसळ असेल तर उन्हाळ्यात मटकी मंगळवारी सकाळी भिजते, थंडीत सोमवारी. मोड अर्धा इंच झाला की पुरे. त्याहून लांब झाले तर ढवळताना तुटतात. सकाळी पहिलं काम, प्रत्येक पोटली नाकाला लावायची. एकीला जरी वास आला तरी तेवढी फेकायची. "शिजल्यावर कळत नाही" असं मला एका मोठ्या माणसाने सांगितलं होतं. पोरांच्या पोटाला कळतं.

मोड आलेली मटकी कच्ची वाढू नका, वर कितीही लिंबू पिळा. ज्या उबेत मोड वाढतात त्याच उबेत जंतूही वाढतात. पूर्ण उकळलीच पाहिजे. लवकर शिजावी म्हणून सोडाही घालायचा नाही. मटकीचा लगदा होतो आणि ब जीवनसत्त्व जातं.

शिजवणं सोपं. फोडणीत २ किलो कांदा, मग मटकी परतून उकळतं पाणी. टोमॅटो (दीड किलो) मटकी मऊ झाल्यावर, आधी घातला तर दाणा निबर राहतो. २ किलो लाल भोपळ्याच्या फोडी शेवटच्या दहा मिनिटांत, परसबागेतला अर्धा किलो शेवग्याचा पाला शेवटच्या पाचात. पाला ओरबाडताना बारीक काड्या काढा, त्या पहिलीच्या पोरांच्या घशाला टोचतात. तिखट माणसांच्या हिशोबाने वाढवू नका. घरी चौघांना एक चमचा लागतो म्हणून इथे तीस लागत नाहीत. दहावर थांबून चव बघा.

वाढण्याआधी आपण आणि मावशींनी खायचं, चव रजिस्टरला लिहायचं, नमुना झाकणाच्या डब्यात काढून ठेवायचा.

पहिल्या बुधवारी निम्मी पोरं मटकी ताटाच्या कडेला सारतील. तेवढ्यावर उसळ बंद करू नका. उरलेलं एका बादलीत गोळा करून वजन करा आणि आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहा. आमच्याकडे तो दर बुधवारी पोरंच लिहितात, आणि आकडा वाढला की मावशींना विचारायला जातात, आज काय बिनसलं.