वाचनालयातल्या पुस्तकावर पालकांची तक्रार आली तर

वीस वर्षं मी तालुक्याच्या गावातल्या एका माध्यमिक शाळेत ग्रंथपाल आहे. "असलं पुस्तक पोरांच्या हातात देता?" असं म्हणत आलेले पालक मी पुष्कळ पाहिलेत. नव्याने या कामाला लागलेल्यांसाठी हे लिहिते आहे.

आधी त्यांना बसवा, पाणी द्या, सगळं ऐकून घ्या. लगेच पुस्तकाची बाजू मांडायला जाऊ नका. नववीतल्या एका मुलीचे वडील एक दलित आत्मकथन घेऊन आले होते. पानाचा कोपरा दुमडलेला, चार शिव्यांखाली लाल पेनाची रेघ. राग ओसरल्यावर मी विचारलं, "दादा, तुमच्या मुलीनं वाचू नये म्हणताय, की शाळेत कुणीच वाचू नये?" ते थबकले. पुढचं सगळं याच प्रश्नावर ठरतं. म्हणणं आपल्या मुलीपुरतं असेल तर तिच्या वाचक कार्डावर तशी नोंद करा, दुसरं पुस्तक द्या. तेवढा हक्क आईवडिलांचा आहेच. सगळ्या शाळेसाठी पुस्तक काढायचं म्हणत असतील, तर मात्र लेखी अर्ज हवा.

अर्जात पुस्तकाचा दाखल क्रमांक, आक्षेपाची पानं, पुस्तक पूर्ण वाचलं का आणि नेमकं काय व्हावं, एवढं असू द्या. आवक क्रमांक टाकून पोच द्या. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोवरून पुस्तक हलवू नका, मग फोन संस्थाचालकांचा का असेना. निर्णय होईपर्यंत ते कपाटातच राहू द्या. घाईने टेबलाच्या खणात गेलेलं पुस्तक पुन्हा बाहेर येत नाही.

मग छोटी समिती बसवा: मुख्याध्यापक, तुम्ही, मराठीचे शिक्षक आणि दोन पालक, त्यातली एक आई. तक्रारदाराला म्हणणं मांडायला बोलवा. समितीतल्या प्रत्येकाने पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेलं असावं, ही अट सोडू नका; का, ते पाहा. २०१२ साली एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातल्या शंकर यांच्या १९४९च्या व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला. संविधानाची गोगलगाय, तिच्यावर बाबासाहेब, मागे चाबूक उगारलेले नेहरू. राज्यशास्त्राचे अभ्यासक सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी त्या पुस्तकाचं सल्लागारपद सोडलं, पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची तोडफोड झाली. संविधान सभेला इतका वेळ का लागला असेल, हा चित्राखालचा प्रश्न मात्र त्या गोंधळात मागेच राहिला. तरी ज्यांना ते चित्र लागलं त्यांचं दुःख खोटं नव्हतं. बाबासाहेबांच्या मागे चाबूक दिसला की पिढ्यांचं जुनं दुखणं वर येतं. समितीने या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

चर्चेत एक गोष्ट नीट तपासा: शिवी कुणाच्या तोंडी आहे आणि कुणाला बसते आहे? त्या आत्मकथनातल्या शिव्या लेखकाने लहानपणी खाल्लेल्या होत्या. त्या गाळल्या तर शिव्या देणारे तेवढे सुटतात. पुस्तक राहिलं.

प्रत्येक वेळी पुस्तक राखायचंच असं नाही. एकदा एक पारधी आई मुलाने घरी नेलेलं जुनं माहितीपर पुस्तक घेऊन आली. त्यात तिच्या समाजाला 'गुन्हेगार जमात' म्हटलेलं, तेही 'होती' नाही, 'आहे' असं. अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा १८७१चा कायदा १९५२ साली रद्द झाला, पण आमच्या कपाटात तो जिवंत होता, आणि दाखल नोंदवहीत त्या पुस्तकापुढे सही माझी होती. तिला लिहिता येत नव्हतं. तिने सांगितलं तसा अर्ज मी लिहिला, वाचून दाखवला, तिने अंगठा दिला. लिहिता न येणाऱ्यांची तक्रार अशीच घ्या, परत पाठवू नका. समितीने पुस्तकाचं निर्लेखन केलं, म्हणजे ते नोंदीतून आणि कपाटातून काढून टाकलं. मग मी त्या काळातल्या पुस्तकांचं अख्खं कपाट उपसलं.

निर्णय कारणांसह लेखी द्या. मान्य नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीकडे जाता येईल, हेही त्यात लिहा. पत्र पोस्टाने धाडण्याआधी माणसाला बोलावून समोर सांगा. त्या आईने पत्र घडी करून पदराला बांधलं आणि म्हणाली, "बाई, पोराला वर्गात उभं करून काय इचारू नका." तेव्हापासून अर्जांची फाइल मी कुलपात ठेवते, आणि तक्रार कुणाच्या घरून आली ते वर्गशिक्षकांनाही सांगत नाही.