ऑटो क्लचची गाडी डोंगरवाटेवर नेण्यापूर्वी

रेक्लूज कंपनीच्या क्लचसारखा ऑटो क्लच, म्हणजे इंजिनाच्या वेगानुसार आपोआप पकडणारा व सुटणारा क्लच, बसवलेली एन्ड्युरो (कच्च्या, खडतर वाटांसाठीची) मोटारसायकल कच्च्या वाटेवर काढण्यापूर्वी इंजिन ऑइलची पातळी पाहावी आणि ते ऑइल ओल्या क्लचला (इंजिन ऑइलमध्येच फिरणाऱ्या क्लचला) चालणारे, म्हणजे जासो या जपानी मानकाच्या एमए किंवा एमए२ प्रतीचे असल्याची खात्री करावी. क्लचचे कव्हर उघडलेच असेल, तर स्टील प्लेट उष्णतेने निळसर पडल्या आहेत का आणि बास्केटला (प्लेट ज्यात बसतात त्या भांड्याला) खाचा पडल्या आहेत का, हेही बघून घ्यावे. खाचांत अडकणाऱ्या प्लेट ट्यूनिंगने सुटत नाहीत. नव्या फ्रिक्शन प्लेट बसवण्यापूर्वी ऑइलमध्ये भिजवाव्यात.

यानंतरचे सर्व काम इंजिन चांगले तापल्यावरच करावे, कारण प्लेट तापून फुगतात आणि थंड इंजिनावर लावलेले माप वाटेवर बदलते. आयडलिंग, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन फिरण्याचा वेग, गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. ते चढे राहिले, तर क्लच उभ्या गाडीतच अर्धवट पकडतो आणि गाडी पुढे सरकू लागते.

आता मुख्य तपासणी. या क्लचमधील एका खास चकतीत छोटी वजने असतात. इंजिनाचे फेरे (आरपीएम) वाढले की ती बाहेर सरकतात, चकती फुगते आणि प्रेशर प्लेट किंचित उचलली जाते, त्यामुळे क्लच लिव्हरचा ढिलेपणा वाढतो. हा वाढणारा ढिलेपणा मोजण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून लिव्हर आणि मूठ यांभोवती केवळ ढिलेपणा खेचून घेईल इतपतच ताणाचा रबरबँड लावावा आणि थ्रॉटल झटकन देऊन सोडावा. लिव्हर मुठीकडे उत्पादकाने सांगितलेल्या मापाइतकी गेली पाहिजे. ती कमी सरकत असेल, तर भाराखाली क्लच घसरतो आणि एकाच लांब चढणीत प्लेट जळू शकतात. अशा वेळी केबल थोडी सैल करावी. ती जास्त सरकत असेल, तर क्लच ओढ धरतो, न्यूट्रल सापडत नाही आणि लिव्हर दाबूनही गाडी नीट सुटत नाही. तेव्हा केबल थोडी ताणावी. हायड्रॉलिक क्लचवर हेच काम स्लेव्ह सिलिंडरच्या (इंजिनाकडच्या, क्लच ढकलणाऱ्या सिलिंडरच्या) समायोजकाने होते. प्रत्येक बदलानंतर रबरबँडची तपासणी पुन्हा करावी. माझ्या मते ती प्रत्येक फेरीपूर्वी करावी, कारण दोन मिनिटांच्या आळसापायी प्लेटचा पूर्ण संच गमावणे कोणालाच परवडणारे नाही.

क्लच किती फेऱ्यांवर पकडावा, हे चकतीतील स्प्रिंगवर ठरते. अनेकजण स्प्रिंग बदलण्यापासूनच सुरुवात करतात आणि चुकतात. वरचे माप जुळल्याशिवाय स्प्रिंगला हात लावू नये. कडक स्प्रिंगने पकड उशिरा, जास्त फेऱ्यांवर येते, तर मऊ स्प्रिंगने ती लवकर येते.

निघण्यापूर्वी पुढचे व मागचे ब्रेक विशेष काळजीने तपासावेत, कारण तीव्र उतारावर फेरे आयडलिंगपर्यंत उतरले की क्लच सुटतो आणि इंजिनाचा रोध नाहीसा होतो. धक्का देऊन गाडी सुरू होईल या भरवशावर राहू नये, त्यामुळे बॅटरी पूर्ण भरलेली असावी. इंजिन बंद असताना गिअरमध्ये टाकलेली गाडीही उतारावर थांबत नाही, म्हणून चाकाखाली लावायला लाकडाची पाचर सामानात ठेवावी.