पणजोबा शोधायचाय ना, मग आधी तो गेला कधी ते बघा

लहानपणापासनं घरात एकच ऐकत आलो, आमचे पणजोबा मार्शल लॉत (लष्करी कायद्यात) गेले, गोळी लागून. सोलापुरात ही गोष्ट बऱ्याच घरांत सापडेल म्हणा. १९३० च्या मे महिन्यात गोळीबार झाला, १२ मेपासनं मार्शल लॉ लागला, आणि पुढच्या वर्षी १२ जानेवारीला म्हणजे ऐन गड्ड्याच्या (आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) तोंडावर चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी दिलं, त्यामुळं त्या सुमारास ज्यांच्या घरचं कोणी गेलं ते सगळे मार्शल लॉतच गेले असं पुढं होऊन बसलं. मी हे खरं का खोटं शोधायला लागलो आणि उलट्या बाजूनं सुरुवात केल्यामुळं पहिलं वर्ष वाया घालवलं. तुमचं जाऊ नये म्हणून हे लिहितोय.

उलटी बाजू म्हणजे जन्म. आपल्याकडं जुन्या माणसाची जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरात बघायला गेलात की १ जून निघते. आजोबा १ जून, त्यांचा भाऊ १ जून, शेजारचे पण १ जून. गुरुजींनी शाळेत घालताना अंदाजे लिहिलेली तारीख ती, तिच्यावर काय बांधणार. मरणाचं तसं नसतं, माणूस मेला की वाटणी येते, वारस लागतात, श्राद्ध येतं, म्हणजे कागद तयार होतो. म्हणून आधी तो गेला कधी ते शोधा, जन्माचं मागनं बघू.

पहिल्यांदा घरातच बघा, आणि कपाटाच्या आधी माळ्यावर. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नावं कोरलेली असतात ना, ती वाचा. आमच्या आत्याआज्जीच्या लग्नातली एक घागर आहे, घासून घासून अक्षरं पार गेलेली. तिच्यावर कोरडं गव्हाचं पीठ चोळलं आणि वरचं हलक्या हातानं पुसलं, खाचेत पीठ राहिलं आणि अक्षरं उठली. वडिलांकडून सप्रेम भेट, वैशाख शके १८५४. शकात ७८ मिळवा, १९३२. (पौषाच्या सुमारास इंग्रजी साल बदलतं, तेव्हा माघ-फाल्गुन असेल तर ७९ मिळवायचे.) म्हणजे १९३० ला गोळी लागून गेलेला माणूस दोन वर्षांनी पोरीला घागर देतोय. तिथंच बसलो मी, माळ्यावर.

जुन्या लग्नपत्रिका असतील तर नावापुढं कै. आहे का चि. आहे का श्री. आहे एवढंच बघा, त्या तारखेला कोण हयात होतं ते कळतं. पितृपक्षात कुणाचं पान कुठल्या तिथीला ठेवतात ते घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा. अविधवा नवमीला ठेवत असतील तर ती बाई नवऱ्याच्या आधी गेली. सर्वपित्रीला टाकलं असेल तर बहुतेक तिथी कुणाच्या लक्षात राहिली नाही. सगळ्या समाजात हे सारखं नसतं, तुमच्या घरची रीत धरून चाला.

अजून एक, भावकीत कुणाची तरी कास्ट व्हॅलिडिटी (जातीच्या दाखल्याची पडताळणी) झालेली असतेच. त्याची फाईल मागा. पन्नास-साठ सालच्या आधीचे पुरावे जमवायला त्यानं आधीच चपला झिजवलेल्या असतात, आजोबांचा शाळेचा उतारा, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, कधी मोडीतला कागद, सगळं एका फाईलीत. माझ्या चुलत भावाकडं निम्मं काम आयतं मिळालं आणि हे मला सगळ्यात शेवटी सुचलं.

आता खरं घबाड म्हणजे वारसाचा फेरफार, म्हणजे खातेदार मेल्यावर जमिनीवर वारसांची नावं लावल्याची नोंद. गावी एक गुंठा जरी जमीन असली किंवा होती तरी हा असणार. सातबारावर जुन्या फेरफारांचे नंबर असतात, त्यावरनं मागं मागं जायचं. आपले अभिलेख साइटवर तुमचा तालुका दिसला तर चक्कर वाचली, नायतर तहसीलच्या रेकॉर्ड रूमला नकलेचा अर्ज. एका ऑफिसात मला तीनदा उद्या या म्हणाले, चौथ्यांदा मी गावाचं नाव, गट नंबर, जुना सर्व्हे नंबर, फेरफार नंबर सगळं लिहून नेलं तर वीस मिनिटात रजिस्टर पुढ्यात. नुसतं पणजोबांचं बघायचंय म्हणून गेलात तर कोणी उठणार नाही, आणि त्यांचंही बरोबर आहे.

आमच्या फेरफारात चार ओळी आहेत. खातेदार अमुक बिन तमुक हे १९३६ साली अमुक तारखेस मयत, वारस मुलगा वय ९, अ.पा.क. आई. ह्या चार ओळी नीट वाचायला शिका. बिन म्हणजे बापाचं नाव, बाईच्या नावापुढं कोम किंवा भ्रतार असेल तर पुढचं नाव नवऱ्याचं. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता, म्हणजे पोरगं लहान असतानाच बाप गेला. ए.कु.क. असेल तर एकत्र कुटुंब कर्ता, म्हणजे मागं भाऊ आहेत पण त्यांची नावं कागदावर नाहीत. नोंद घातल्याची तारीख आणि मयताची तारीख वेगळी असते, मध्ये वर्ष-दोन वर्षं पण जातात, गडबडीत नोंदीचीच तारीख धरू नका. आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या आधीच्या नोंदीत मुली दिसल्या नाहीत म्हणून मुली नव्हत्या असं समजू नका, आमच्या आत्याआज्जीचं नाव ह्या कागदात नाहीच, तिची घागर तेवढी आहे.

गाव अक्कलकोटकडचं असेल तर ते १९४८ पर्यंत संस्थान होतं, कागद तसेच मागायचे. तुळजापूरकडचं असेल तर निजामाचा मुलूख, कागद उर्दूत आणि साल फसली, म्हणजे तिथलं महसुली साल. फसलीत ५९० मिळवा, १३५७ फसली म्हणजे १९४७-४८.

मयताची तारीख हातात आली की तिथी ताडून बघा. घरात एकादशी सांगत होते, मी त्या सालचं दाते पंचांग बघितलं (सोलापूरचंच की ओ ते, जुनं जपून ठेवलेलं कुणाकडं ना कुणाकडं असतं), तर द्वादशी निघाली. एका दिवसाचा फरक सोडून द्यायचा, तिथी काय रात्री बाराला बदलत नाही.

पेपर आता. तारीख नसताना पेपर चाळायला बसणं म्हणजे गड्ड्यात हरवलेली चप्पल शोधणं. तारीख असेल तर त्या दिवसापासनं पुढचे पंधरा दिवस बघा, कारण बातमी उशिरा यायची. सुरुवात सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयात विचारून करा, मग पुण्याचा केसरी, शिवाय मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथसंजीवनीवर घरबसल्या बघता येतं. इंग्रजी पेपरात सोलापूर टाईप करून काही मिळणार नाही, तेव्हा शोलापूर लिहायचे, स्पेलिंगात एस नंतर एच टाकून शोधा. मार्शल लॉच्या काळातलं बघायचं असेल तर फक्त गावातल्या पेपरांवर राहू नका, इथल्याच कर्मयोगी पेपरच्या संपादकांनाच तेव्हा शिक्षा झाली होती, तर बाकीच्यांनी काय मोकळेपणानं छापलं असेल.

आणि बातम्या शोधू नका. साध्या माणसाची बातमी येत नाही, नोटीस येते. जाहीर नोटिसा, कोर्टाचे लिलाव, मॅट्रिकचे निकाल, ही बारीक टायपातली पानं वाचा, बोट ठेवून. आडनावानं शोधू नका, तेव्हा एक माणूस तीन आडनावांनी सापडतो, स्वतःचं आणि बापाचं नाव जोडीनं धरा. फोटो काढताना आधी अंकाचं नाव-तारीख असलेल्या पानाचा, मग आख्ख्या पानाचा, मग नोटिशीचा. मी पहिल्यांदा नुसत्या नोटिशीचा काढला, घरी आल्यावर अंक कुठला तेच कळेना, परत गेलो.

माझ्या हाती शेवटी एक जाहीर नोटीस आली, १९३५ ची, जमिनीच्या गहाणाची. त्यात पणजोबांचं नाव, गावाचं नाव आणि पुढं हल्ली राहणार सोलापूर, धंदा मिल नोकरी. म्हणजे ‘जुनी मिल’ म्हणतात त्या कापड गिरणीत होते हे घरातलं बोलणं खरं असावं, गोळीचं खोटं. मरण कशानं आलं ते फेरफारात नाही, पेपरातही नाही.

काकांना सगळं दाखवलं. त्यांनी नोटीस दोनदा वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, गोळी लागलीच असेल रे, लगेच कुठं मरतंय माणूस. मी वाद घातला नाही. आईला फक्त सांगून ठेवलंय, त्या घागरीला चिंच-मीठ लावू नको आता.