मारुती ८०० चं इंजिन घरच्या गॅरेजमध्ये कसं बदलावं

पाने, जॅक, गाडी टेकवायला घोडे आणि चेन कप्पी तुमच्याकडे आहे, असं धरून चालतो. कप्पी टांगायला तिपाई किंवा लोखंडी गर्डर हवा. स्लॅबच्या पंख्याच्या हुकाला इंजिन टांगायचा सल्ला देणारे लोक आहेत, त्यांना आधी स्वतः त्याखाली उभं राहायला सांगा.

इंजिन विकत घेण्याआधी आरटीओचं बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आधी परवानगी, आणि बदल झाल्यावर चौदा दिवसांत कळवून आरसीवर नवा इंजिन नंबर चढवणं हे मालकाचं काम आहे. म्हणून जुन्या बाजारातून इंजिन उचलताना बिल आणि मूळ गाडीचे कागद मागा. कागद नसलेलं इंजिन फुकट मिळालं तरी नको. गाडीला पंधरा वर्षं होऊन पुनर्नोंदणी बाकी असेल, तर ती आधी उरका.

कार्ब्युरेटरच्या गाडीला कार्ब्युरेटरचंच इंजिन घ्या. 'ओम्नीचं बसतं की' हे वाक्य कुणीतरी ऐकवणारच. ओम्नीतही ७९६ सीसीचं एफ८बी हेच इंजिन आहे, पण तिथे ते सीटखाली गाडीच्या लांबीला उभं बसतं आणि मागची चाकं फिरवतं. ८०० मध्ये ते गाडीच्या रुंदीला आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. ब्रॅकेटपासून अदलाबदल सुरू होते आणि वाचवलेले पैसे तिथेच जातात. घेताना ऑइलचं झाकण उघडून बघा. आत दुधाळ चिकटा दिसला तर ऑइलमध्ये पाणी गेलंय, पुढच्या दुकानात जा. कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर) लावू न देणाऱ्याकडूनही घेऊ नका.

जुनं इंजिन काढणं सोपं आहे. बॅटरी सोडा, पाणी आणि दोन्ही ऑइलं काढा, प्रत्येक वायरला आणि होसला चिकटपट्टीवर नंबर टाका, फोटो काढा. पेट्रोलच्या पाइपांना बूच मारा. ॲक्सल, गिअरची लिंक, स्पीडोमीटर, क्लच, चोक आणि ॲक्सिलरेटरच्या केबली, सायलेन्सरचा पुढचा पाइप सुटला की फाउंडेशनचे, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवणारे, बोल्ट काढायचे आणि इंजिन-गिअरबॉक्स एकत्रच वर घ्यायचं.

नवं इंजिन बाहेर आहे तोवर टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि फ्लायव्हीलमागचं क्रँकचं ऑइल सील बदलून टाका. सील स्वस्त आहे, पण ते गळलं तर ऑइल क्लच प्लेटवर येतं आणि सगळं पुन्हा उतरवावं लागतं.

आता खरं काम: इंजिनाला गिअरबॉक्स जोडणं. मला सगळ्यात जास्त छळलंय ते याच टप्प्यानं, आणि सगळ्यात वाईट सल्लेही याचबद्दल मिळतात. पहिला वाईट सल्ला म्हणजे इंजिन आधी गाडीत बसवा आणि गिअरबॉक्स खालून चढवा. लिफ्ट असलेल्या गॅरेजवाल्याला ते जमतं. घरी पाठीवर झोपून, छातीवर गिअरबॉक्स घेऊन, अंधारात भोक शोधत बसायची काही गरज नाही. इंजिन जुन्या टायरवर आडवं टेकवा आणि दोन्ही जमिनीवर, उजेडात जोडा.

क्लच प्लेटचा फुगीर भाग गिअरबॉक्सकडे. क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचे बोल्ट हातानेच लावा, आवळू नका. आता प्लेट मध्यावर आणायची. डोळ्यांनी होतं, असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. भंगारातून त्याच गिअरबॉक्सचा एक जुना इनपुट शाफ्ट (क्लच प्लेटमध्ये घुसणारा दातेरी दांडा) आणा, तो प्लेटमधून थेट फ्लायव्हीलच्या मधल्या छोट्या बेअरिंगपर्यंत घाला आणि मग बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा. आवळून झाल्यावर शाफ्ट दोन बोटांनी अलगद बाहेर आला पाहिजे. अडकला, तर बोल्ट ढिले करून पुन्हा. शाफ्ट काढल्यावर टॉर्च मारून आत बघा: प्लेटच्या दात्यांच्या भोकातून बेअरिंगची कडा चहूबाजूंनी सारखी दिसायला हवी. दात्यांना ग्रीस अगदी बोट पुसल्याइतकं. जास्त झालं की उडून लायनिंगवर जातं.

गिअरबॉक्स चौथ्या गिअरमध्ये टाका, म्हणजे शाफ्ट सहज गरगरणार नाही. स्पार्क प्लग काढून ठेवा. एकाने गिअरबॉक्स सरळ धरून पुढे रेटायचा, दुसऱ्याने क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हळूहळू फिरवायचं. दाते जुळले की गिअरबॉक्स एकदम आत सरकतो.

आणि बहुतेक वेळा बोटभर फट ठेवून अडतो. इथेच लोक घात करतात: चारी बोल्ट घालतात आणि फट आवळून मिटवायला जातात. कधीही नाही. बोल्ट फक्त जुळलेलं घट्ट करायला असतात. ओढून बसवलंत तर प्लेटचा हब वाकतो किंवा गिअरबॉक्सच्या ॲल्युमिनियमचा कान तुटतो. फट चार ठिकाणी बोटाने चाचपा. वर जास्त आणि खाली कमी असेल तर गिअरबॉक्स तिरका आहे, तो उचला. सगळीकडे सारखी असेल तर दाते जुळले नाहीत किंवा प्लेट मध्यावर नाही. मध्ये एखादी वायर किंवा पत्र्याचं कव्हर तर दबलं नाही ना, तेही बघा. डॉवेलवर, म्हणजे दोन्ही तोंडं जुळवणाऱ्या खुंट्यांवर, गंज असेल तर आधी काचकागदाने घासा.

अर्धवट बसलेला गिअरबॉक्स सोडून चहाला जाऊ नका. त्याचं सगळं वजन त्या शाफ्टवरून प्लेटवर येतं, प्लेट किंचित वाकते आणि मग गाडी चालू झाल्यावर रिव्हर्स टाकताना करकर ऐकू येते. क्लचची केबल कितीही ताणली तरी ती जात नाही.

तोंडाला तोंड लागलं की बोल्ट आवळा, स्टार्टर लावा आणि अख्खं धूड गिअरबॉक्सची बाजू खाली ठेवून तिरकं उतरवा. फाउंडेशनचे सगळे बोल्ट आधी ढिले लावा, मगच आवळा. बाकी जोडणी काढल्याच्या उलट क्रमाने. बॉडीची अर्थ वायर विसरू नका.

गिअरबॉक्सचं ऑइल, इंजिन ऑइल, कूलंट भरा. न्यूट्रलला टाका. प्लग अजून बाहेरच असू द्या, कॉइलची वायर सोडा आणि ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत थोडा थोडा स्टार्टर मारा. मग प्लग बसवा. फायरिंग ऑर्डर १-३-२ आहे. गाडी फटफट करत असेल तर आधी प्लगच्या वायरी तपासा, कार्ब्युरेटरला हात लावू नका. क्लचच्या केबलला थोडा रिकामा खेळ ठेवा, नाहीतर रिलीज बेअरिंग कायम घासत राहील. पहिल्या फेरीनंतर खाली पुठ्ठा पसरून गाडी रात्रभर उभी करा आणि सकाळी डाग कुठे पडलेत ते बघा. ॲक्सलखाली पडला असेल, तर ॲक्सल घालताना सीलची कड दुमडलीय.