सही त्याच आठवड्यात घ्या: रासेयोच्या नव्या पोरापोरींसाठी

रासेयोत, म्हणजे कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेत, नाव घातलंत, कोणार्कच्या चाकाचा बॅज मिळाला, २४ सप्टेंबरला स्थापना दिनाची भाषणंही ऐकून झाली. वर्षाला १२० तास काम, दोन वर्षांचे २४०, आणि शिवाय त्या दोन वर्षांत एक सात दिवसांचं निवासी शिबिर, हे गणित तुम्हाला पाठ असणार. ते पुन्हा सांगत नाही. मी कागदाचं सांगते, कारण माझं गाडं तिथंच रुतलं होतं.

कार्यक्रम अधिकारी म्हणजे रासेयो बघणारे प्राध्यापक; त्यांच्याकडचा चार्ज कायमचा नसतो. साधारण तीन वर्षांसाठी दिलेला असतो, आणि मध्येच बदलूही शकतो. आमचे सर माणूस म्हणून सोनं. शिबिरात आमच्याबरोबर घमेली उचलायचे. पण केलेल्या कामाच्या तासांची डायरी सहीसाठी पुढं केली की म्हणायचे, "लिहून ठेवा, वर्षअखेरीला सगळ्यांच्या सह्या एकदम करू." अख्ख्या युनिटची हीच पद्धत होती. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांची संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजात बदली झाली आणि जूनमध्ये चार्ज नव्या सरांकडे गेला. माझ्या डायरीत वनराई बंधाऱ्याच्या, म्हणजे ओढ्याचं पाणी अडवायच्या कच्च्या बांधाच्या, गोण्या भरल्याची तारीख होती, झाडांचे खड्डे होते, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीला पाड्यावरून माणसं आणल्याचे तास होते. सहीचा रकाना तेवढा कोरा. नवे सर म्हणाले, "जे मी पाहिलं नाही त्यावर सही कशी करू?" त्यांचं काय चुकलं? जुन्या सरांनी सही द्यायची तयारी दाखवली, पण आता त्यांच्याकडे ना पद ना शिक्का.

म्हणून हे नीट ऐका. काम झालं की त्याच दिवशी डायरीत तारीख, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, गाव आणि नेमकं काय केलं ते लिहा. 'स्वच्छता अभियान' एवढंच लिहू नका; 'जि. प. शाळेमागची गटार मोकळी केली' असं लिहा. मग तिथल्याच कुणाची तरी सही घ्या: ग्रामसेवक, मुख्याध्यापक, आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टर, कुणीही, पण शिक्का असलेलं माणूस हवं. आणि त्याच आठवड्यात कार्यक्रम अधिकाऱ्याची. सर वर्गात असतील तर बाहेर उभे राहा. लाज वाटते, मलाही वाटायची. आणि महिन्याला डायरीच्या पानांचा फोटो काढून स्वतःच्या ईमेलवर टाका.

"कॉलेजकडे रेकॉर्ड असतंच की," असं सीनियर सांगतील. असतं. पण ते कॉलेजचं असतं, तुमचं नाही. जिओटॅग (जागेची नोंद) लावलेला ग्रुप फोटो कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलीत जातो. त्यात तुम्ही तिसऱ्या रांगेत अर्धे झाकलेले असता, आणि किती तास राबलात ते त्यावर लिहिलेलं नसतं. 'सहभाग घेतला' एवढ्याच ओळीच्या प्रमाणपत्राचंही तसंच. एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रवेशाला किंवा एखाद्या संस्थेतल्या मुलाखतीला विचारतात, म्हणजे केलंत काय? तिथं तुमची डायरीच उपयोगी पडते.

याच सापळ्याचं आणखी एक तोंड आहे. गावातल्या मंडळाबरोबर किंवा आरोग्य केंद्राबरोबर परस्पर काम केलंत, तर तास धरायचे की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहतं. जाण्याआधी कॉलेजच्या ऑफिसात दोन ओळींचा अर्ज द्या, त्यावर आवक क्रमांक (अर्ज मिळाल्याच्या नोंदीचा नंबर) टाकून प्रत घ्या. आवक-जावकचा क्लार्क कॉलेजातल्या निम्म्या प्राध्यापकांपेक्षा जास्त कामाचा माणूस आहे, हे माझं ठाम मत. त्याच्याशी गोड राहा.

आता मार्कांचं. 'रासेयोला दहा मार्क मिळतात' हे प्रत्येक कट्ट्यावर ऐकू येतं. नियम विद्यापीठागणिक वेगळे असतात. जळगावच्या आपल्या विद्यापीठाचं चालू परिपत्रक वाचा, मित्राचा व्हॉट्सॲप फॉरवर्ड नव्हे. नव्या शैक्षणिक धोरणात रासेयो सहअभ्यासक्रमात आली आहे आणि ३० तासांना एक क्रेडिट असा साधारण हिशेब आहे. क्रेडिट शैक्षणिक बँकेत (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे तुमच्या क्रेडिटांचं ऑनलाइन खातं) जमा होतं, म्हणून तिथलं नाव, आधारवरचं नाव आणि रासेयोच्या फॉर्मवरचं नाव एकसारखं ठेवा. कुठं आडनाव आधी, कुठं वडिलांचं नावच गायब, असा घोळ आपल्याकडे घरोघरी असतो.

पोरींसाठी थोडं वेगळं. सात दिवसांच्या शिबिराला घरून 'हो' मिळवणं हेच मोठं काम. माझी आई म्हणाली, "सात रात बाहेर? काय गरज शे?" आईला शिबिराला येणाऱ्या मॅडमशी फोनवर बोलायला लावा; मुलींसोबत महिला प्राध्यापक मुक्कामी असतात हे त्यांच्याच तोंडून ऐकू द्या. चार दिवस राहून परत आलात तर ते शिबिर धरत नाहीत, हेही घरी आधीच सांगा. कापूस वेचणीला जाणाऱ्यांनी घाबरू नये. रविवारचे आणि सुट्टीचे तास धरून १२० होतात. आमच्यात मजुरीला जाणारेच जास्त नेमाने आले. गाडीवरून येणारे फोटोपुरते.

मागच्या बॅचची डायरी उतरवून काढणारे दरवर्षी सापडतात. ती पोरं पकडली जात नाहीत, हे खोटं कशाला सांगू? पण पुरस्काराचा प्रस्ताव भरताना तोंडघशी पडतात. विद्यापीठाचा असो, राज्याचा की केंद्राचा, प्रस्तावाला पुरावे जोडावे लागतात. सातपुड्याच्या पायथ्याचा आमचा एक मित्र पावरी, म्हणजे तिथली आदिवासी बोली, बोलायचा. आई-वडील दोघंही सिकलसेलचे वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता २५ टक्के, हे तो म्हाताऱ्यांना त्यांच्या बोलीत सांगायचा. आमच्या एकाही फोटोत तो नाही. पण उपकेंद्राच्या सिस्टरांनी त्याला तारखांसकट पत्र दिलं होतं. विद्यापीठाच्या पुरस्कारासाठी कॉलेजातून नाव त्याचं गेलं, स्टेजवर माइक धरणाऱ्याचं नाही.

आणि ज्यांच्या सह्या आधीच राहून गेल्यात त्यांनी रडत बसू नये. ज्या गावात काम केलं तिथल्या ग्रामपंचायतीत जा. श्रमदानाची नोंद असेल तर तिच्या आधारे तारखेसह पत्र मागा. शाळेकडेही मागा. सोबत काम केलेल्या दोघातिघांनी एकत्र गेलात तर लवकर मिळतं. ती पत्रं, जुन्या सरांचं लेखी म्हणणं आणि डायरीची झेरॉक्स जोडून प्राचार्यांच्या नावे अर्ज करा, आवक क्रमांक घ्या आणि आठवड्याने पुन्हा विचारायला जा. माझे सगळे तास परत आले नाहीत. बंधाऱ्याचे आले, खड्ड्यांचे गेले. उरलेले दुसऱ्या वर्षी रविवारी रविवारी जाऊन भरले, आणि प्रमाणपत्र मिळालं.